जयपूरचे पाणी आणि महापालिकेच्या हिशेबातील एक रिकामा रकाना

काही वर्षांपूर्वी उत्तर भारतातील एका महापालिकेचा हरितगृह वायूंचा तक्ता तपासणीसाठी माझ्या टेबलावर आला होता. हा तक्ता संपूर्ण शहराचा नव्हता. शहरातील कारखाने, घरे, खासगी वाहने यांचा त्यात समावेश नव्हता; केवळ महापालिकेच्या स्वतःच्या कारभारातून किती वायू बाहेर पडतात, एवढेच त्यात मांडलेले होते. कार्यालयांची वीज, रस्त्यावरचे दिवे, गाड्यांचे डिझेल, सांडपाणी, कचरा असे रकाने होते. पाणीपुरवठ्याच्या रकान्यात 'लागू नाही' असे दोन शब्द होते. बेरीज बरोबर होती, नियम पाळले गेले होते. मी सही केली.

पुढे एका बैठकीत त्याच तक्त्याच्या आधारे त्या महापालिकेचे कौतुक झाले. दरडोई उत्सर्जन कमी, म्हणजे कारभार चांगला, असा निष्कर्ष निघाला. त्याच बैठकीत महाराष्ट्रातील एका महापालिकेच्या अधिकाऱ्याला 'तुमचा आकडा एवढा मोठा का?' असे विचारण्यात आले. त्याच्या आकड्यात पाण्याचे सारे पंप होते. पहिल्या महापालिकेच्या आकड्यात एकही नव्हता. हे त्या खोलीत मला ठाऊक होते, आणि मी बोललो नाही. त्या मौनाचे समाधानकारक कारण मला आजही देता येत नाही. पुढील विवेचन हे एका अर्थाने त्या न दिलेल्या उत्तराची भरपाई आहे.

उदाहरण म्हणून मी जयपूर घेतो. गेली काही वर्षे माझे वास्तव्य येथे आहे, हे एक कारण. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण असे, की या शहराच्या पाण्याचा इतिहास पाहिला म्हणजे 'लागू नाही' या दोन शब्दांच्या मागे केवढे मोठे यंत्र दडलेले असू शकते, हे स्पष्ट होते.

प्रथम मापनाच्या पद्धतीविषयी. शहरांनी आपापल्या उत्सर्जनाचा हिशेब ठेवावा, ही कल्पना फार जुनी नाही. १९९० मध्ये न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात भरलेल्या परिषदेतून 'इक्ली' ही स्थानिक शासनसंस्थांची आंतरराष्ट्रीय संघटना जन्मास आली, आणि १९९३ मध्ये तिने शहरांसाठी हवामान-संरक्षणाची मोहीम सुरू केली. २००१ मध्ये उद्योगसंस्थांसाठी 'ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल' प्रसिद्ध झाला. त्याने उत्सर्जनाच्या तीन कक्षा ठरविल्या : स्वतः जाळलेले इंधन ही पहिली, विकत घेतलेली वीज ही दुसरी, आणि आपल्यासाठी पण इतरांच्या हातून घडणारे उत्सर्जन ही तिसरी. २००८ मध्ये अमेरिकेत नगरशासनांच्या स्वतःच्या कारभारासाठी याच धर्तीवर वेगळी नियमावली तयार झाली. २००९ मध्ये दक्षिण आशियातील ५४ शहरांच्या ऊर्जावापराचे व कर्ब उत्सर्जनाचे चित्र 'इक्ली'ने प्रसिद्ध केले. संपूर्ण शहराच्या मापनाची जागतिक नियमावली २०१४ मध्ये आली.

'शहराचे उत्सर्जन' आणि 'शहरशासनाचे उत्सर्जन' या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. मुंबईच्या हवामान कृती आराखड्यात (२०२२) २०१९ सालचे उत्सर्जन सुमारे २.३४ कोटी टन दिले आहे. हा आकडा संपूर्ण शहराचा आहे. महापालिकेच्या स्वतःच्या कारभाराचा आकडा नेहमीच त्याहून पुष्कळ लहान असतो. मग तो वेगळा मोजायचा कशासाठी? कारण एवढाच, की शहराच्या उत्सर्जनाबाबत महापालिका आवाहन करू शकते. स्वतःच्या उत्सर्जनाबाबत ती आदेश काढू शकते. आदेशाचा अधिकार जेथे आहे, तेथेच उत्तरदायित्व निश्चित करता येते.

हिशेबाची रीत साधी आहे. किती युनिट वीज वापरली, किती लिटर डिझेल जाळले, हे शोधायचे आणि त्यास उत्सर्जन गुणकाने गुणायचे. विजेचा गुणक केंद्रीय विद्युत प्राधिकरण २००६ पासून प्रसिद्ध करीत आले आहे. आरंभीच्या वर्षांत तो एका युनिटमागे सुमारे ८०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होता. अलीकडे तो ७०० ग्रॅमच्या आसपास आहे. अडचण गुणाकारात नसून कागदपत्रांत असते. पथदिव्यांच्या कित्येक जोडण्यांना मीटर नसतो, बिल ठोक दराने येते. डिझेलचा खर्च रुपयांत नोंदलेला असतो, लिटरमध्ये नव्हे. मग त्या वर्षी भाव किती वेळा बदलले हे शोधत बसावे लागते. शिवाय मोजपट्टीच कधी कधी बदलते. कचऱ्यातून व मैल्यातून निघणाऱ्या मिथेनचा एक टन हा कार्बन डायऑक्साइडच्या २१ टनांबरोबर धरावा, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने १९९५ मध्ये सांगितले. २००७ मध्ये तो आकडा २५ झाला आणि २०१३ मध्ये २८. कचऱ्याचा ढीग तेवढाच राहूनही कागदावर त्याचे उत्सर्जन एक तृतीयांशाने वाढले.

या साऱ्या अडचणी सोडविता येतात, कारण त्या तांत्रिक आहेत. पण ज्या अडचणीमुळे मी त्या बैठकीत गप्प बसलो, ती तांत्रिक नव्हती. ती हद्दीची होती. त्यासाठी जयपूरच्या पाण्याकडे वळू.

सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये वसविलेल्या या शहराला मोठी नदी नाही. आधुनिक पद्धतीचा पाणीपुरवठा आला तो १८७० च्या दशकात, महाराजा रामसिंग दुसरे यांच्या कारकिर्दीत. शहराच्या पश्चिमेस जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर वाहणाऱ्या अमानीशाह नाल्याचे पाणी वाफेच्या पंपांनी उचलून शहरात आणले गेले. त्याच सुमारास रस्त्यांवर गॅसचे दिवे आले. सर स्विंटन जेकब हे तेव्हा संस्थानाचे अभियंते होते. पाणी ही नगरपालिकेची नव्हे, तर संस्थानाच्या बांधकाम खात्याची बाब, ही घडी तेव्हापासूनची.

शहर वाढले, नाला अपुरा पडला. माधोसिंग दुसरे यांच्या काळात, १८९७ ते १९०३ या वर्षांत, शहरापासून सुमारे तीस किलोमीटरवर बाणगंगेवर रामगढचे धरण बांधले गेले, आणि १९३० च्या दशकापासून त्याचे पाणी जयपूरला येऊ लागले. हा तलाव एवढा भरलेला असे, की १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती तेथे झाल्या. पुढे पाणलोट क्षेत्रात बांध व अतिक्रमणे वाढत गेली आणि शर्यतींनंतर वीस-पंचवीस वर्षांतच तलाव कोरडा पडला. २०११ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. दरम्यान शहर नलिकाकूपांवर जगत होते आणि भूजल खोल खोल जात होते.

अखेरीस बनास नदीवरील बिसलपूर धरणाकडे वळावे लागले. टोंक जिल्ह्यातील हे धरण १९९९ मध्ये पूर्ण झाले. जून २००५ मध्ये बिसलपूरच्या पाण्याची मागणी करणाऱ्या शेतकऱ्यांवर त्याच जिल्ह्यातील सोहेला येथे गोळीबार झाला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. २००९ पासून ते पाणी सुमारे १२० किलोमीटरचा प्रवास करून जयपूरला येत आहे. जयपूरच्या नळाला येणाऱ्या पाण्याची किंमत केवळ विजेच्या बिलात मोजता येत नाही, हे सांगण्यासाठी हा उल्लेख पुरेसा आहे.

परंतु विजेचे बिलही थोडे नाही. बिसलपूर धरणाची पूर्ण जलपातळी समुद्रसपाटीपासून ३१५.५ मीटर आहे. जयपूर शहर सुमारे ४३० मीटरवर आहे. शहराचे सर्व भाग सारख्या उंचीवर नसल्याने आपण सोयीसाठी १०० मीटरच धरू. हजार लिटर पाणी १०० मीटर वर चढविण्यास भौतिकशास्त्राच्या नियमानुसार ०.२७ युनिट ऊर्जा लागते. पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर ०.३९ युनिट. दररोज दहा कोटी लिटरसाठी हा आकडा ३९,००० युनिट होतो. ७०० ग्रॅमच्या गुणकाने दिवसाला सुमारे २७ टन, वर्षाला सुमारे १०,००० टन कार्बन डायऑक्साइड. १२० किलोमीटरच्या नळातील घर्षण यात धरलेले नाही, शहरांतर्गत पंपिंगही नाही. आणि जयपूरला बिसलपूरहून प्रत्यक्षात दहा कोटी लिटरच्या कित्येक पट पाणी येते. हा हिशेब माझा आहे आणि ढोबळ आहे. परंतु रकाना रिकामा ठेवण्याइतका तो क्षुल्लक खचितच नाही.

आता प्रश्न असा, की हे टन कोणाच्या नावावर लिहायचे? जयपुरात पाणीपुरवठा महापालिकेकडे नाही. तो राज्य शासनाच्या जन स्वास्थ्य अभियांत्रिकी विभागाकडे आहे. येथील लोक त्याला 'जलदाय विभाग' म्हणतात. वरील नियमावलीत 'प्रत्यक्ष संचालन ज्याच्या हाती, उत्सर्जन त्याच्या नावे' हे तत्त्व सुचविलेले आहे. त्यानुसार जयपूर महापालिकेच्या तक्त्यात पाण्यापुढे 'लागू नाही' असेच येईल, आणि ते नियमाला धरूनच असेल. शहराची बससेवा वेगळ्या कंपनीकडे आहे, वीजवितरण वेगळ्या निगमाकडे, नगरविस्तार १९८२ पासून जयपूर विकास प्राधिकरणाकडे. सांडपाण्याचीही वाटणी आहे. देलावास येथील केंद्र, जेथे मैल्यातील वायूपासून वीज तयार करण्याची सोय आहे, ते नागरी संस्थेच्या व्यवस्थेतले. तर ज्या अमानीशाह नाल्याचे पाणी शहर दीडशे वर्षांपूर्वी पीत असे, त्याच्या म्हणजे आजच्या द्रव्यवती नदीच्या काठची शुद्धीकरण केंद्रे विकास प्राधिकरणाने उभारलेली.

यावरून जो निष्कर्ष निघतो तो मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे महापालिकेच्या कारभाराचे उत्सर्जन कमी दिसणे हे पुष्कळदा कार्यक्षमतेचे लक्षण नसून अधिकार कमी असण्याचे लक्षण असते. आपण टन मोजतो आहोत असे समजतो. प्रत्यक्षात मोजतो ते हाती दिलेले अधिकार.

वास्तविक ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) बाराव्या अनुसूचीत जे १८ विषय घातले, त्यांत घरगुती, औद्योगिक व व्यापारी पाणीपुरवठा स्पष्टपणे आहे. परंतु अनुच्छेद २४३-डब्ल्यू हे अधिकार राज्य विधिमंडळांनी 'द्यावेत' असे म्हणत नाही, 'देता येतील' असे म्हणते. त्या एका क्रियापदात भारतीय नगरशासनाचा बराचसा इतिहास सामावलेला आहे. मुंबईत पाणी महापालिकेकडे आहे, आणि दूरच्या तलावांतून ते बव्हंशी गुरुत्वाकर्षणाने येते. बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद येथे स्वतंत्र मंडळे आहेत, दिल्लीत जल बोर्ड आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांनी आपल्या शहरातील पाण्याचे बिल एकदा काढून त्यावर कोणाचे नाव छापले आहे ते पाहावे. त्या नावावरून आपल्या महापालिकेच्या तक्त्यात काय असेल आणि काय नसेल, याचा अंदाज घरबसल्या येईल.

हा केवळ लेखाशास्त्राचा वाद आहे, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी इंदूरचे उदाहरण देतो. होळकरांचे हे शहर मराठी वाचकाला परके नाही. तेथे नर्मदेचे पाणी १९७८ मध्ये आले. जलूद येथून सुमारे ७० किलोमीटर अंतर आणि मध्ये विंध्याचा चढ, त्यामुळे विजेचे बिल प्रचंड. परंतु ते बिल महापालिकेच्याच तिजोरीतून जाते. त्याचा परिणाम असा झाला, की फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेने हरित कर्जरोखे काढून २४४ कोटी रुपये उभारले आणि जलूद येथे ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प हाती घेतला. ज्याच्या दप्तरात बिल, त्याच्याच हातात उपाय, आणि त्याच्याच नावावर उत्सर्जन. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे मापनाला अर्थ येतो. त्या वेगळ्या झाल्या की तक्ता निर्दोष राहतो आणि पंप पूर्वीसारखेच चालत राहतात.

हद्द ही स्थिरही नसते. जयपूर महापालिकेचे २०१९ मध्ये 'हेरिटेज' आणि 'ग्रेटर' असे दोन भाग करण्यात आले आणि २०२५ मध्ये त्या दोन्ही पुन्हा एक करण्याचा निर्णय झाला. आधारवर्ष धरून तुलना करणाऱ्याने अशा वेळी जुने आकडे नव्या हद्दीनुसार पुन्हा मांडले पाहिजेत, अन्यथा विभाजनाच्या वर्षी उत्सर्जन निम्म्याने घटले असे दिसेल आणि कोणीतरी त्याचे श्रेय घेईल. कंत्राटाचेही असेच. कचऱ्याच्या गाड्या महापालिकेच्या असतील तर त्यांचे डिझेल पहिल्या कक्षेत. कंत्राटदाराच्या झाल्या की तेच डिझेल तिसऱ्या कक्षेत, जिची नोंद बहुधा ऐच्छिक असते. गाडी तीच, गल्ली तीच, धूर तोच. २०१५ पासून देशभर एलईडी पथदिव्यांची जी राष्ट्रीय योजना राबविली गेली, तिच्यात दिवा कंपनीचा आणि बिल नागरी संस्थेचे अशी मांडणी होती. तेथेही 'दिवा कोणाचा' यापेक्षा 'बिल कोणाचे' हे विचारणे अधिक उपयोगी ठरते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. एखाद्या गृहस्थाने आपल्या घरकाम करणाऱ्या बाईंशी विवाह केला तर तेच काम चालू राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती प्राध्यापक पिगू यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखविली होती. बाजारभावात न उतरणाऱ्या हानीचा विचारही त्यांनीच रूढ केला. एम.ए.च्या वर्गात ही दोन प्रकरणे आम्ही स्वतंत्रपणे शिकलो. ती एकाच तक्त्यात एकत्र भेटतील, असे तेव्हा वाटले नव्हते.

उपाय कोणता? पाणीपुरवठा उद्याच महापालिकेकडे सोपवा, असे मी म्हणत नाही. त्याला पैसा, अभियंते आणि राजकीय संमती लागते. तयारीविना सोपविलेले काम दोन्हीकडून जाते. माझी सूचना पुष्कळ लहान आहे. नगरशासनाचा तक्ता कार्यालयानुसार न मांडता सेवेनुसार मांडावा : पाणी, सांडपाणी, कचरा, दिवे, बस. प्रत्येक सेवेपुढे ती कोण चालविते, बिल कोण भरते आणि उत्सर्जन किती, असे तीन रकाने असावेत. महापालिकेच्या बेरजेत जे येत नाही, ते बेरजेखाली स्वतंत्रपणे लिहावे, पण लिहावे. पाण्याबाबत एकूण टनांबरोबरच हजार लिटरमागे किती युनिट वीज लागली, हेही द्यावे. म्हणजे गुरुत्वाकर्षणाने पाणी मिळणाऱ्या मुंबईची आणि १२० किलोमीटरवरून पाणी उचलणाऱ्या जयपूरची तुलना करताना कोणाचीही अकारण स्तुती वा निंदा होणार नाही. महाराष्ट्रातील महापालिकांच्या आयुक्तांना दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल मांडावा लागतो. त्याला असे एक पान जोडण्यास नवा कायदा लागत नाही. मुंबई महापालिकेने जून २०२४ मध्ये हवामान अर्थसंकल्पाचा जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यावरून अशा मांडणीला प्रशासनात जागा होऊ शकते, हेही दिसते.

जयपूरच्या जंतरमंतरात सुमारे २७ मीटर उंचीचे सम्राट यंत्र आहे. जयसिंगांच्या पदरी असलेले, युक्लिडची भूमिती संस्कृतात आणणारे जगन्नाथ पंडित हे महाराष्ट्रीय होते असे परंपरा सांगते. हे यंत्र सावलीवरून दोन सेकंदांपर्यंत वेळ दाखविते. परंतु ती वेळ आपल्या घड्याळाशी जुळत नाही, कारण ती जयपूरची स्थानिक वेळ असते आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा सरासरी सत्तावीस मिनिटे पुढे आहे. यंत्र चुकलेले नसते. ते कोणत्या रेखांशाची वेळ दाखविते हे माहीत असले, आणि त्या दिवशीची दुरुस्ती मिळविली, की हिशेब जुळतो.

मी सही केलेला तक्ताही चुकीचा नव्हता. त्याला दुरुस्तीची एक ओळ हवी होती, आणि ती लिहिणे हे माझे काम होते. त्यानंतर माझ्याकडे आलेल्या प्रत्येक तक्त्यावर 'लागू नाही' दिसले की मी त्यापुढे एकच प्रश्न लिहून तो परत पाठवितो : मग कोणाला लागू आहे? उत्तर यायला बहुधा महिना-दीड महिना लागतो. पण ते येते, आणि ते आले की रकाना रिकामा राहत नाही.